सेकंदाला एकशे पन्नास कोटी ठोके

२५ ऑगस्ट, सोमवार

फोन आज पुन्हा अडकला. सुप्रभातचा एक फोटो पाठवायचा तर सात मिनिटं. तेवढ्यात मी चहा केला, प्याले, कप विसळला, तरी पडद्यावर ते गोल चक्कर फिरतंच आहे.

हेमेंद्रचा फोन येऊन सहा आठवडे झाले. पोटचा पोरगा, राहतो नोएडाला, ग्वाल्हेरहून गाडीने चार-पाच तास. दर रविवारी त्याचा व्हिडिओ कॉल यायचा. आता येत नाही. लोक म्हणतील काही बिनसलं. बिनसलेलं काही नाही. फोन बिघडलाय. दहा वर्षांपूर्वी त्यानेच पहिल्या नोकरीत आणून दिला होता, आता बिघडणार नाही तर काय.

झालं ते एवढंच. तेरा जुलैला, रविवारी, सुनेची समजूत घालत होते. गरिमाचं सातव्या महिन्यात गेलं. मुलगी होती म्हणे. पडद्यावर बघते तर ही रडतेय, आणि मोठी, आमची तन्वी, सात वर्षांची, बाजूला कोरडी पोळी चावतेय. मी म्हटलं, ‘जिचं तोंड पाहिलं नाही, नाव ठेवलं नाही, तिच्यासाठी काय रडायचं? ऊठ, आहे तिला जेवू घाल.’ आणि नेमका तिथे फोन अडकला. गरिमाचा चेहरा पडद्यावर होता तसा राहिला. डोळे उघडे, तोंड थोडं उघडं. मी हॅलो हॅलो करत बसले. मग कट.

म्हणजे अर्धंच बोलणं पोचलं. पुढचं, चांगलं, ते राहिलं. अर्धं बोलणं कुणालाही लागतं. यात माझी काय चूक.

दुसऱ्या दिवशी हेमेंद्रचा मेसेज. ‘आई, काही दिवस फोन करू नकोस. मी करीन.’ बरोबरच लिहिलं. आमच्या घराण्यात थोरांनी आधी करायचाच नसतो. धाकट्यांनी करायचा, पाया पडते म्हणायचं, थोरांनी हं म्हणायचं. एवढं तरी पोराला ठाऊक आहे.

सुप्रभात पाठवणं म्हणजे फोन करणं नव्हे. ते मी दूधवाल्यालाही पाठवते.

निश्चय: गणपतीच्या आत फोन नीट करायचा.

२७ ऑगस्ट, बुधवार. चतुर्थी

गणपतीच्या आत झाला नाही. मोदक होते. एकवीस केले, चार फुटले. फुटलेले मीच खाल्ले, म्हणजे सतराच केले असं म्हणायला हरकत नाही.

फोन ओट्यावर ठेवला होता, वाफेपासून दूर. दोनदा वाजला. एकदा गॅस एजन्सी, एकदा भिंतीपलीकडच्या कुसुमताई. त्यांना आरतीचं ताट हवं होतं. भिंतीवरून हाक मारता येते, पण नवा फोन घेतलाय ना, म्हणून फोन. त्यांचे तीन भाचे, दोन जावई, सगळ्यांचे व्हिडिओ सकाळी सातपासून. आवाज इतका मोठा की सगळ्या गल्लीला त्यांच्या जावयाचं ब्लडप्रेशर माहीत.

त्या म्हणाल्या, अगं तूच लाव की हेमेंद्रला, सणाचा दिवस आहे. मी म्हटलं, रेंज नाहीये.

रेंज होती. पण त्यांना कशाला सांगायचं.

२८ ऑगस्ट, गुरुवार

ई-रिक्षाने बाड्याच्या चौकात उतरले, तिथून टोपी बाजारात पायी. मधुसूदनचं दुकान कपाटाएवढं. आत तो आणि एक स्टूल, दोघांतलं एकच हलू शकतं. पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचा, मग घड्याळं, आता मोबाइल. माणूस पंचावन्नचा झाला पण काकू काकू करतो, तेवढी रीत आहे.

फोन हातात घेऊन आधी हसला. मग नवा घ्या म्हणाला. मी म्हटलं, तुझी आई गुडघ्याने लंगडते, बदललीस का? फोन उघडायला घेतला. चांगला माणूस आहे.

मग त्याने समजावून सांगितलं. फोनच्या पोटात एक चिप असते, ती नाडीसारखी ठोके देते. माझ्या फोनचे ठोके सेकंदाला एकशे वीस कोटी. मी दोनदा विचारलं. कोटीच. एकशे वीस कोटी ठोके एका सेकंदात आणि तरी म्हातारीचं एक वाक्य नोएडापर्यंत जात नाही. हे आपल्याकडचं काम.

कंपनीने लगाम घालून ठेवलेला असतो म्हणे. तो काढता येतो. मग ठोके वाढवायचे, एकशे चाळीस, पन्नास. त्याला ओव्हरक्लॉक म्हणतात. स्वतःचा जुना फोन त्याने असाच तीन वर्षं ओढला. गिऱ्हाइकाला करून देत नाही, कारण फोन तापतो, बॅटरी खातो, आणि केव्हा बसेल सांगता येत नाही. शिवाय फोनने नेटवर्क सुधरत नाही, आणि समोरच्याने करायचं ते समोरच्यानेच करायचं असतं, असंही बोलला. हे वाक्य त्याने उगाच लांबवलं.

माझे सासरे सांगायचे, आपले पूर्वज शिंद्यांच्या पागेत होते, म्हातारं घोडं टाच मारली की दोन कोस जास्त जातं. त्यापुढे घोड्याचं काय होतं ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

मी म्हटलं, कर.

तो म्हणाला, काकू, लगाम काढला की फोन सगळा पुसला जातो. फोटो, गप्पा, सगळं. आत काही महत्त्वाचं आहे का?

मी म्हटलं, काही नाही. कचरा आहे.

१ सप्टेंबर, सोमवार

फोन मधुसूदनकडे. घरात शांतता. बरं वाटतंय.

गौरी जेवल्या. सोळा भाज्या केल्या. खायला कोण, मी आणि गौरी.

दुपारी सवयीने तीनदा ओट्याकडे बघितलं. तिथे फोनच नाही तर वाजणार काय. पण समजा नेमका आजच त्याने लावला असेल तर? स्विच ऑफ सांगेल. त्याला वाटेल म्हातारी रुसली. मी कुणावर रुसत नाही, मला तेवढा वेळ नाही.

३ सप्टेंबर, बुधवार

फोन आला. काय पळतो! बोट लावायच्या आत उघडतो. एकशे चाळीस कोटी. मधुसूदनने मला एक पट्टी दाखवली, ती सरकवली की ठोके वाढतात. हात लावू नका म्हणाला. मी कशाला लावतेय.

आत काहीच नाही. पांढरं फटक. तन्वीचे फोटो गेले, शाळेतला राधेच्या वेशातला, दात पडलेला, सगळे. हेमेंद्रचे बोललेले मेसेज होते, ‘आई, जेवलीस का’ असे, बावीस-तेवीस असतील, ते गेले. त्यातला एक मी कधीकधी ऐकायचे. त्यात मागे कुकरची शिट्टी होती.

कचराच होता. फोन हलका झाला.

हेमेंद्रचा नंबर कॅलेंडरवर लिहिलेला आहे, तो टाकला. पहिला सुप्रभात अर्ध्या सेकंदात गेला. दोन निळ्या रेघाही लगेच. म्हणजे वाचला. उत्तर नाही. पण त्याचाही फोन आता जुना झाला असेल.

७ सप्टेंबर, रविवार

आज चाचणी. कुसुमताईंना त्यांच्या घरात बसवलं, मी माझ्या घरात, आणि व्हिडिओ लावला. आधी भाजीचे भाव विचारले. नीट गेलं, नीट आलं. मग म्हटलं, मोठं काही बोलून बघू, खरी परीक्षा तिथेच. मला आयत्या वेळी दुसरं काय सुचणार. तेरा जुलैचंच बोलले, शब्दन् शब्द.

आणि कुसुमताई अडकल्या.

हुबेहूब तसंच. डोळे उघडे, तोंड थोडं उघडं. मी हॅलो हॅलो केलं. काही नाही. पण त्यांच्या मागे छताचा पंखा मात्र फिरत होता, गरगर. हे मला कळेना. माणूस अडकतं आणि पंखा फिरतो? मग आठवलं, त्या दिवशी गरिमाच्या मागेही खिडकीचा पडदा हलत होता.

म्हणजे बिघाड सापडला. वस्तू जातात, माणसाचा चेहरा जात नाही. चेहऱ्याला जास्त ठोके लागत असणार.

थोड्या वेळाने कुसुमताई हलल्या. म्हणाल्या, दूध उतू जातंय, आणि बंद केला. त्यांच्याकडे दूध सकाळी तापतं. आता दुपारचे बारा.

९ सप्टेंबर, मंगळवार

मधुसूदनकडे. हा पंख्याचा बिघाड सांगितला. गरिमाचंही सांगितलं, वाक्यासकट, कारण डॉक्टरपाशी आणि मेकॅनिकपाशी लपवू नये.

तो पेचकस हातात धरून बसून राहिला. बाहेर टोप्या-दुपट्टेवाला गिऱ्हाइकाशी भांडत होता, ते संपलं. मग म्हणाला,

‘काकू, असं होत नाही.’

मी म्हटलं, माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

‘अडकला तर सगळाच अडकतो. पंखासुद्धा.’

रेडिओचा माणूस. व्हिडिओतलं त्याला काय कळणार. मी स्टुलावरून उठायलाच तयार नाही म्हटल्यावर त्याने पट्टी सरकवली. एकशे पन्नास. आता याच्यापुढे नाही, म्हणाला, याच्यापुढे जळेल.

निघताना म्हणाला, काकू, नोएडाची गाडी सकाळी असते. मी म्हटलं, मला गाड्यांचं वेळापत्रक विचारायचं असतं तर स्टेशनवर गेले असते.

१३ सप्टेंबर, शनिवार

एकशे पन्नासचा फोन म्हणजे तवा. कानाला लावला तर कान शेकतो. सर्दीला चांगलं.

दिवसातून चार-पाच वेळा आपोआप बंद होतो आणि चालू होतो. दम घेत असेल. मीही जिन्यावर घेते.

उपाय काढला: माठावर ओलं फडकं, फडक्यावर पितळी ताटली, ताटलीत फोन. गार राहतो. मधुसूदनला फोनवर सांगितलं तर तो ओरडला, पाणी जाईल आत. हे लोक शिकून सवरून असं घाबरतात.

कुसुमताई सहा दिवसांत आल्या नाहीत. गुडघे असतील.

१५ सप्टेंबर, सोमवार. नवमी

पितृपक्ष चालू आहे. आज सासूबाईंचं पान. गुरुजी आले, नाव, गोत्र विचारत गेले. नाव सांगितल्याशिवाय पाणी सोडता येत नाही, हा नियम. ज्याला नाव नाही त्याला पान नाही. म्हणून तर मी गरिमाला तसं म्हटलं. मी काही मनाचं बोलत नाही, शास्त्रातलं बोलते.

हेमेंद्रच्या आधी माझा एक गेला होता. अकरा दिवसांचा. बाराव्याला बारसं होतं. सासूबाई म्हणाल्या, बरं झालं नाव ठेवायच्या आत गेला, सुटसुटीत. दुसऱ्या दिवशी मी दळण दळलं. मला कुणी समजावत बसलं नव्हतं आणि मी काही मेले नाही.

हे हेमेंद्रला माहीत नाही. सांगण्यासारखं त्यात काय आहे.

वरण-भात जास्त झाला होता, म्हणून गच्चीवर पानाशेजारी एक छोटी मूद वेगळी ठेवली. मग वाटलं, एकीने काय होतंय, दोन ठेवल्या. कावळ्याने दोन्ही नेल्या. भात वाया गेला नाही एवढंच.

२१ सप्टेंबर, रविवार

निश्चय केला आहे. हेमेंद्र दसऱ्याला फोन करणारच, कारण दसऱ्याचं सोनं धाकट्यांनी थोरांना द्यायचं असतं. तो लहानपणापासून पहिलं सोनं मला देतो, मग देवाला. नोएडाला गेल्यापासून तन्वी पडद्याला पान चिकटवते, दादी लो म्हणते. आजी म्हण म्हणून सात वर्षं शिकवतेय. तिच्या आईचं माहेर झाशीचं, काय करणार.

त्या दिवशी फोन पूर्ण जोरात हवा. चार्ज शंभर टक्के, ताटली गार. तो लावील, मी हं म्हणीन, गरिमा बाजूला असेल, तिला राहिलेलं बोलणं सांगून टाकीन. पाच मिनिटांचं काम. मग सगळं पहिल्यासारखं.

२८ सप्टेंबर, रविवार

कुसुमताई आल्या एकदाच्या. हळदीकुंकवाला. बसल्या, साखर तोंडात टाकली, म्हणाल्या, तू एकदा जाऊन ये गं नोएडाला. मी म्हटलं, बाळंतपणाला बोलावतात, असल्याला कुणी बोलावत नाही. न बोलावता जायला मी काय जनगणनेवाली आहे?

त्या म्हणाल्या, असल्याला न बोलावताच जायचं असतं.

त्यांना कुंकू लावलं आणि दार दाखवलं. मोठ्या आहेत म्हणून खाली उतरेपर्यंत जिन्याचा दिवा लावून ठेवला.

फोनची पाठ थोडी वर आल्यासारखी दिसतेय. ताटलीचा उंचवटा असेल.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

सकाळी ६. फोन शंभर टक्के.

८.३०. पूजा झाली. सासऱ्यांची तलवार पुसली, चाकू, विळी, कात्री पुसली, फोनलाही गंध लावलं. शस्त्रच आहे.

११. आला नाही. उशिरा उठत असतील, सुट्टी आहे.

१. श्रीखंड-पुरी. फोन ताटाजवळ.

४. वाजला. मधुसूदन. सोनं द्यायला येतो म्हणाला. आला, पान दिलं, पाया पडला, फोनची विचारपूस केली. चहा न घेता गेला, कारण मी सारखी फोनकडेच बघत होते, त्याला वाटलं घाई आहे.

६.३०. फोन बंद पडून चालू झाला. त्या दोन मिनिटांतच लावला असणार. नशीब.

९. नाही.

बाकी सोनं कोजागिरीपर्यंत देता येतं. आमच्याकडे तसंच आहे. लोक उगाच एका दिवसाची घाई करतात.

६ ऑक्टोबर, सोमवार. कोजागिरी

दूध आटवलं. चारोळी टाकली. एकटीला पाव लिटर पुरतं.

नाही.

७ ऑक्टोबर, मंगळवार

आज मी हेमेंद्रला फोन केलेला नाही. चाचणी केली. यात फरक आहे. फोन एवढा जोरात केलाय तर नोएडापर्यंत जातो की नाही हे बघायला नको? त्यासाठी कुठला तरी नोएडाचा नंबर लागतो. माझ्याकडे एकच आहे.

सकाळी अकराला लावला, म्हणजे तो ऑफिसात असेल, घेणार नाही, घंटा वाजली की चाचणी पूर्ण. तिसऱ्या घंटेला घेतला. गरिमाने. त्याचा फोन घरी राहिला होता. निदान ती तसं म्हणाली.

व्हिडिओ एकदम लख्ख. तिच्या कानातलं दिसत होतं. वाळली आहे. केस कापलेत. ती म्हणाली, आई, पाया पडते. माझ्याशी मराठीच बोलते नेहमी, लग्नानंतर शिकली, ते तिचं मान्य करायला हवं. मी हं म्हटलं. मग मीच घाईघाईने सगळं सांगून टाकलं. की माझा फोन जुना, त्या दिवशी मध्येच अडकला, तुझा चेहरा पडद्यावर तसाच राहिला, माझं बोलणं अर्धंच आलं तुला, आता टोपी बाजारातून ठोके वाढवून आणलेत, सेकंदाला एकशे पन्नास कोटी, आता अडकत नाही.

ती ऐकत होती. मागे पडदा हलत होता. तीसुद्धा हलत होती, पापण्या मिटत होत्या, उघडत होत्या. मग म्हणाली,

‘आई, फोन अडकला नव्हता. मी बसले होते.’

मी म्हटलं, पण मी किती हॅलो हॅलो केलं.

‘ऐकलं मी. सगळे ऐकले.’

मग खाली बघून, हिंदीत, हळू, जशी माहेरच्यांशी बोलते तशी: ‘नाम रखा था हमने।’

फोन हातात भाजत होता. मी तो दुसऱ्या हातात घेतला. तिने डोळे पुसले नाहीत, रडत नव्हतीच. माझ्याकडे बघून म्हणाली,

‘पुढचं राहिलं म्हणता ना? काय म्हणणार होतात? आता म्हणा.’

टोमणा नव्हता. मला टोमणा कळतो, जन्मभर मारलेत. ती खरंच विचारत होती. वाट बघत होती.

मी तोंड उघडलं. इतके दिवस मला वाटत होतं ते पुढचं वाक्य माझ्याजवळ आहे, चांगलं, तयार, फक्त फोनने अडवलेलं. मी आत बघितलं. तिथे काही नव्हतं. तेव्हाही नव्हतं. त्या दिवशी मी ‘तिला जेवू घाल’ वर संपले होते. पूर्णविराम देऊन संपले होते.

किती वेळ गेला माहीत नाही. तेवढ्यात तन्वी मध्ये आली, सुट्टी असेल शाळेला, पडद्याच्या अगदी जवळ तोंड आणून बघितलं आणि म्हणाली,

‘मम्मा, दादी हँग हो गईं।’

गरिमाने तिला बाजूला घेतलं. म्हणाली, आई, आता ठेवते. मला वाटेल तेव्हा मी करीन. तुम्ही करू नका.

कट.

चाचणी पूर्ण. फोन नोएडापर्यंत जातो.

८ ऑक्टोबर, बुधवार

काही नाही. मेथी निवडली.

९ ऑक्टोबर, गुरुवार

दुपारी नळ आला तेव्हा बादली भरताना एकदम सुचलं. पुढचं वाक्य. नाव काय ठेवलं होतं, एवढंच. एवढंच विचारायचं होतं. चार शब्द, अगदी बिघडलेल्या फोनवरूनही गेले असते.

बादली भरून वाहिली. वाहू दिली.

करू नका म्हणालीय.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

सुप्रभात पाठवला नाही. काल-परवाही नाही. दूधवाल्याने विचारलं, दादीजी, तबियत ठीक है?

१३ ऑक्टोबर, सोमवार

फोनची पाठ फुगून उघडीच झाली. ताटलीचा उंचवटा नव्हता, बॅटरी आहे. मधुसूदनकडे घेऊन गेले. तो चिडेल वाटलं होतं. चिडला नाही. पिवळी उशी झालेली बॅटरी चिमट्याने बाहेर काढली, दुसरी बसवली. म्हणाला, काकू, चिपलाही मार बसलाय. असाच पळवलात तर दिवाळीसुद्धा बघणार नाही. त्यापेक्षा आता तरी नवा घ्या.

मी म्हटलं, नव्यात नंबर हाच राहील, पण मला नव्याची सवय व्हायला महिना लागेल. तेवढ्यात गरिमाचा आला आणि मला घेता नाही आला तर?

त्याने पट्टी उघडली, विचारलं, मग किती ठेवू? पुन्हा एकशे वीस?

मी म्हटलं, आणखी खाली.

‘खाली?’

मी म्हटलं, पळायचं कुठे आहे त्याला आता. नुसतं जिवंत राहायचंय. वाजता यायला हवं आणि उचलता यायला हवं, बाकी काही करायचं नाही.

त्याने साठ कोटींवर आणला. गार पडला लगेच, काशाच्या वाटीसारखा. व्हॉट्सअ‍ॅप उघडून बघितलं, दीड मिनिट लागलं. आम्ही दोघं ते चक्कर बघत बसलो. मधुसूदन म्हणाला, फार हळू झाला काकू, पण असा पुष्कळ टिकेल.

मग फोन फडक्याने पुसून माझ्या हातात देताना त्याने विचारलं, किती दिवस चालवायचाय?

ते तिने सांगितलेलं नाही.